पाटीवरची भाषा आणि ताटावरची भाषा

आमच्याच दैनिकातले छोट्या जाहिरातींचे पान कधी निवांतपणे वाचून पाहावे. 'प्लॉट विकणे आहे' आणि 'घर भाड्याने देणे आहे' यांच्या मधोमध एक चौकट हमखास सापडते. 'हॉटेलसाठी पाहिजेत : कॅप्टन, वेटर, तंदूरवाला, चायनीजवाला, भांडी घासण्यासाठी माणसे, भाकरी करण्यासाठी बायका. राहण्या-जेवणाची सोय. पगार समक्ष.' असाच एखादा कागद शहरातल्या हॉटेलांच्या काचेवर आतून चिकटवलेला असतो. उन्हाने तो पिवळा पडतो, कोपरे दुमडतात, पण कागद काही निघत नाही. कारण माणूस आला तरी टिकत नाही आणि टिकला तरी दुसरा हवाच असतो.

या जाहिरातीत कामाची यादी असते, सोयी असतात, फोन नंबर असतो. एक गोष्ट मात्र नसते. कापड दुकानातल्या सेल्समनच्या, दवाखान्यातल्या नोंदणीच्या टेबलावरील मुलीच्या, पतसंस्थेच्या कारकुनाच्या जाहिरातीत शेवटी एक ओळ येते : 'मराठी व कन्नड येणे आवश्यक.' हॉटेलच्या जाहिरातीत ही ओळ शोधून सापडत नाही. जो मनुष्य दिवसभर गिऱ्हाइकाशी बोलणार, त्याला काय हवे-नको विचारणार, त्याला भाषा कोणती येते हे विचारायला मालकाला आता सवड उरलेली नाही. दोन हात आहेत ना, मग या, एवढीच आजची अट आहे.

भाषेच्या प्रश्नावर आपण सीमाभागातली माणसे रात्ररात्र बोलू शकतो. पण आपले बहुतेक बोलणे पाटीपाशी येऊन थांबते. पाटीवर कोणती लिपी, कोणत्या आकाराची, वर कोण आणि खाली कोण? कर्नाटकात २०२२ चा कन्नड भाषा सर्वंकष विकास कायदा आला, २०२४ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पाटीचा ६० टक्के भाग कन्नड असलाच पाहिजे असे ठरले. महाराष्ट्रातही २०२२ मध्ये लहान-मोठ्या सर्व दुकानांना मराठी पाटी सक्तीची झाली आणि २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. रंगाऱ्यांचे बरे झाले. पण पाटीखालून आत जाऊन बाकावर बसल्यावर जी भाषा कानांवर पडते, ती ना या पाटीवर असते ना त्या पाटीवर. ती ठरते माणूस कामावर घेतला त्या दिवशी. म्हणून भाषेच्या या विशेष पानात हॉटेलातल्या नोकरभरतीचा विषय काढला तर वाचकांनी आश्चर्य मानू नये.

मोरीपासून गल्ल्यापर्यंत

हॉटेलात माणूस कसा लागत असे हे ज्यांनी पाहिले आहे, अशी मंडळी अजून आपल्यात आहेत. जाहिरात देण्याचा प्रश्नच नव्हता. उडपीकडचा मालक असेल तर त्याच्या गावाकडून, नात्यातला किंवा शेजारच्या घरातला पोरगा यायचा. मराठी मालकाची खानावळ असेल तर खानापूर, चंदगड, आजरा या पट्ट्यातला. बाप किंवा मामा स्वतः आणून सोडायचा. "मालक, याला आता तुमचाच समजा," एवढ्यावर नेमणूक व्हायची. पोरगा पहिल्यांदा मोरीवर बसायचा. मग फडके हातात येई, म्हणजे तो क्लीनर झाला. मग पाण्याचे पेले, मग सप्लायर, आणि हिशेबाला चोख निघाला तर शेवटी गल्ला. काहींना भागीदारीही मिळे.

ही काही दंतकथा नव्हे. मुंबईत माटुंग्याला १९४२ मध्ये 'उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग' सुरू करणारे ए. रामा नायक हे स्वतः लहानपणी स्वयंपाकघरात पडेल ते काम करत वर आलेले. दक्षिण कन्नड जिल्ह्यातून मुंबईला गेलेल्या अशा पोरांसाठी त्या शहरात कन्नड रात्रशाळा निघाल्या. दिवसा कपबशा उचलायच्या आणि रात्री पाटी-पुस्तक घेऊन बसायचे, असे करून शिकलेली माणसे पुढे वकील झाली, बँकेत गेली, हॉटेलमालक झाली. आणि हीच पोरे गिऱ्हाइकाशी मराठी बोलायलाही शिकली. घरी तुळू किंवा कोकणी, शाळेत कन्नड, टेबलापाशी मराठी. त्यांना कोणी सक्ती केली नव्हती आणि कोणी कानफटातही मारली नव्हती. चार-सहा वर्षे एका जागी राहायचे आहे, याच लोकांत वर चढायचे आहे, हे पक्के ठाऊक असले की भाषा आपोआप अंगवळणी पडते.

त्या पद्धतीचे गोडवे मात्र डोळे मिटून गाऊ नयेत. तो 'पोऱ्या' बहुतेक वेळा दहा-बारा वर्षांचा असायचा. पहाटे पाचला उठून रात्री अकराला बाकावरच झोपायचा. बापाने घेतलेली उचल फिटेपर्यंत त्याच्या हाती पैसा पडत नसे. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेल, ढाबे, चहाची टपरी येथे कामाला ठेवण्यास बंदी आली आणि २०१६ च्या दुरुस्तीने चौदाखालच्या मुलांच्या मजुरीचे बाकीचे दरवाजेही जवळजवळ बंद केले. हे झाले ते उत्तमच झाले. पोऱ्या शाळेत गेला. पण मोरीपासून गल्ल्यापर्यंत जाणारी जी शिडी होती, तिची खालची पायरी काढून घेतल्यावर तिथे प्रौढ माणसासाठी, रीतसर पगाराची, शिकण्याची नवी पायरी बसवायला हवी होती. ती कोणी बसवली नाही.

आता माणूस येतो कुठून?

आज आपल्या शहरातल्या कोणत्याही मध्यम हॉटेलच्या भटारखान्यात डोकावून पाहा. तंदूरवर उत्तर प्रदेश किंवा बिहारचा माणूस. चायनीजच्या कढईवर नेपाळी किंवा ईशान्येकडचा. मिठाईच्या कढईवर राजस्थानी कारागीर. टेबलांवर आसाम, ओडिशा, बंगाल, झारखंडची पोरे. भांडी घासायला जो मिळेल तो. बंगाल-ओडिशाकडून वास्कोला जाणारी अमरावती एक्स्प्रेस आपल्या खानापूर तालुक्यातल्या लोंढा जंक्शनवरून जाते. गोव्याकडे निघालेल्या डब्यांतून पाठीवर पिशव्या टाकलेल्या किती पोरांना ती आणते, ते कधी स्टेशनावर उभे राहून पाहण्यासारखे आहे. नेपाळी माणसाला तर १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे इथे काम करण्यास वेगळा परवाना लागत नाही.

भरतीच्या रीती तीन-चार आहेत. पहिली आणि सगळ्यांत भरवशाची म्हणजे असलेल्या माणसाने दुसरा आणणे. एक जण सुट्टीवर गावी गेला की येताना चुलतभाऊ, मेव्हणा, शेजारी घेऊन येतो. मालक तिकिटाचे पैसे पाठवतो. म्हणजे मामाने भाचा आणून सोडण्याची जुनीच पद्धत, फक्त मामा दोन हजार किलोमीटरवरचा. दुसरी रीत दलालाची. माणसामागे ठरलेली दलाली घेऊन तो चार जणांची टोळी पाठवतो, आणि हीच टोळी तीन महिन्यांनी दुसऱ्या गावच्या हॉटेलाला देऊन पुन्हा दलाली घेतो, अशीही तक्रार मालकांकडून ऐकू येते. तिसरी रीत मोबाईलची. हॉटेलवाल्यांचे आणि आचाऱ्यांचे व्हॉट्सॲपवर गट आहेत. 'साऊथवाला चाहिए, अर्जंट' असा निरोप रात्री पडतो आणि सकाळपर्यंत पाच जणांचे डोसा घालतानाचे व्हिडिओ येतात. पगार तिथेच ठरतो. आल्यावर दोन दिवस 'हात बघतात'. जमले तर ठेवतात, नाही तर परतीचे भाडे.

काचेवरचा कागद आणि पेपरातली जाहिरात ही चौथी रीत. तिला आता उत्तर येते ते बहुतेक भाकरी करणाऱ्या बायकांचे आणि हिशेबनीसाचे. वेटरच्या जागेसाठी स्थानिक तरुणाचा फोन येणे दुर्मीळ झाले आहे.

या सगळ्या खटाटोपात सगळ्यांत मोठी ओढाताण आहे ती माणूस टिकवण्याची. मालक महिन्या-पंधरा दिवसांचा पगार हातात ठेवतात. काही ठिकाणी आधार कार्डच गल्ल्यात ठेवून घेतले जाते. हे अगदी अयोग्य आहे, पण चालते. उलट बाजूने, उचल घेऊन रातोरात निघून जाणारेही आहेत. छठ, दुर्गापूजा, बिहू यांना माणसे गावी जातात ती नेमकी आपल्याकडच्या दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या गर्दीच्या आसपास. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तर सगळेच गेले. त्या वर्षी ८ जूनपासून हॉटेलांत बसून खाण्यास पुन्हा परवानगी मिळाली, पण चूल पेटवायला आचारी नव्हता. गल्ल्यावर बसणाऱ्या मालकांना त्या काळात स्वतः पोळपाट हातात घ्यावे लागले.

आपली मुले कुठे गेली?

'आमच्या पोरांना काम नाही आणि परक्यांना बोलावून आणतात,' हे वाक्य चौकाचौकांत ऐकू येते. मालकाला विचारावे तर तो म्हणतो, "आणा की तुमची पोरं! उद्यापासून ठेवतो." दोघेही खोटे बोलत नाहीत.

खानापूर तालुक्यातला तरुण हॉटेलात काम करायला तयार नाही असे नाही. तो चोर्ला घाट किंवा अनमोड घाट उतरून गोव्याला जातो आणि तिथे हॉटेलातच काम करतो. ऑक्टोबर ते मार्चच्या हंगामात तिथे पगार आणि बक्षिशी दोन्ही बरी मिळते, अंगावर स्वच्छ गणवेश असतो, आणि मुख्य म्हणजे गावातले कोणी बघत नाही. हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स केलेली मुले गोवा, बोटीवरच्या नोकऱ्या आणि आखाताकडे डोळे लावून बसलेली असतात. बाकीचे उद्यमबागेतल्या फौंड्र्यांत, शिनोळीच्या कारखान्यांत जातात. अलीकडे आणखी एक वाट निघाली आहे. ज्या हॉटेलात वेटर व्हायला मुलगा नाही म्हणतो, त्याच हॉटेलाच्या दारात तो स्विगी-झोमॅटोची पिशवी पाठीला लावून पार्सलची वाट बघत उभा असतो. पैसे फार जास्त मिळतात म्हणून नव्हे. पेट्रोल, गाडीचा झिजता टायर हे सगळे त्याच्याच माथी. पण तिथे त्याच्यावर कोणी 'ए पोऱ्या' म्हणून ओरडत नाही.

खरी गोम इथे आहे. आपल्या समाजात वेटरला मान नाही. लग्नाच्या बाजारात 'मुलगा हॉटेलात आहे' म्हटले की मुलीकडचे चहा तसाच ठेवून उठतात. त्यात दिवसाचे बारा-बारा तास, मधली दोन तासांची सुट्टी ज्यात घरी जाऊन येणेही होत नाही, आणि सणासुदीला तर हमखास काम. पूर्वी बडीशेपेच्या बशीत गिऱ्हाईक सुटे पैसे टाकून जाई. रोजच्या चहा-विडीचा खर्च त्यातून सुटे. आता भिंतीवरचा चौकोन मोबाईलने टिपून पैसे थेट मालकाच्या खात्यात जातात आणि बशीत फक्त बडीशेप उरते. पगार मात्र बक्षिशी धरूनच ठरलेला. मग स्थानिक मुलाने कशाला यावे? परगावचा येतो, कारण त्याला राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळते आणि पगार अख्खा गावी पाठवता येतो. घरी राहणाऱ्या मुलाला या दोन सोयींचा उपयोग नाही. त्याला रोकड हवी, वेळ हवा आणि थोडा मान हवा.

टेबलावरची तिसरीच भाषा

परिणाम काय झाला? सीमाभागातल्या हॉटेलात मराठी की कन्नड, हा वाद निकालात निघाला आहे. दोघीही हरल्या आहेत. आता चालते ती मोडकी हिंदी. गंमत अशी की, ती हिंदी बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांची मातृभाषा आहे. वाढणाऱ्याची भाषा उडिया, असमिया, नेपाळी किंवा संथाली. खाणाऱ्याची मराठी, कन्नड, कोकणी किंवा उर्दू. दोघेही आपापले घर सोडून तिसऱ्याच्याच ओसरीवर भेटतात. त्या ओसरीवर 'और क्या लाऊँ' आणि 'बिल लाओ' यापलीकडे बोलणे होत नाही.

जुन्या सप्लायरला 'जरा कट जास्त घाल', 'लहानग्यासाठी अळणी आण', 'बाय-टू कर', 'आमटी पातळ नको', 'आज चतुर्थी आहे, उपासाचे काय आहे?' एवढे म्हटले की पुरे असे. नेहमीचे गिऱ्हाईक असेल तर तेवढेही लागत नसे. आज एकादशीच्या दिवशी एखाद्या आजोबांनी "यात कांदा नाही ना रे बाळा?" असे विचारले की, तो पोरगा काही न कळता हसून मान हलवतो. होकार की नकार ते देवच जाणे. मधुमेहाची आजी बिनसाखरेचा चहा सांगते आणि पहिल्या घोटाला बशी खाली ठेवते. यात पोराचा काय दोष? त्याला कोणी सांगितलेच नाही.

आणि त्रास केवळ गिऱ्हाइकाला होतो असे समजू नये. एका दवाखान्यात पाहिलेला प्रसंग सांगतो. उकळते तेल उडून हात भाजलेला एक तरुण कामगार बाकावर बसला होता. सोबत हॉटेलातलाच दुसरा, तोही नवा. कंपाउंडर कन्नडमध्ये विचारत होते, मग मराठीत, मग हिंदीत : कधी भाजले, काय लावले, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का? पोरगा कळवळत होता आणि आपल्या भाषेत काहीतरी सांगत होता. ते कोणालाच समजत नव्हते. शेवटी त्याने भावाला गावी फोन लावला, भावाने हिंदीत सांगितले आणि मग औषधपाणी सुरू झाले. वेदना सांगण्यासाठी हजारो किलोमीटरवरचा दुभाषी लागावा, ही त्या मुलाची अवस्था. भाषेचा प्रश्न अस्मितेचा असतो हे खरे. पण तो पहिल्यांदा असा, भाजलेल्या हाताचा असतो.

मारहाण, आरक्षण आणि विसरलेले कलम

यावर दोन उपाय सुचवले जातात. एक, दम देऊन बोलायला लावणे. २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्या जिल्ह्यात बसच्या वाहकावरून जे घडले आणि दोन्ही राज्यांमधली बससेवा काही दिवस कशी विस्कटली, ते वाचकांना आठवत असेलच. त्याच वर्षी मुंबईजवळ मीरा रोडला मराठी न बोलल्यावरून एका खाद्यपदार्थांच्या दुकानदाराला मारहाण झाली आणि त्याचे पडसाद देशभर उमटले. दोन्हीकडच्या घोषणा वेगळ्या, रीत एकच. मार खाऊन कोणी भाषा शिकल्याचे उदाहरण नाही. मार खाणारा फक्त त्या भाषेला घाबरायला शिकतो.

दुसरा उपाय आरक्षणाचा. २०२४ च्या जुलैत कर्नाटक मंत्रिमंडळाने स्थानिकांना खासगी आस्थापनांत व्यवस्थापनाच्या ५० आणि बाकीच्या ७० टक्के जागा देणाऱ्या विधेयकाला मान्यता दिली. त्यात 'स्थानिक' म्हणजे राज्यात जन्मलेला, पंधरा वर्षे वास्तव्य असलेला आणि कन्नड बोलता-लिहिता-वाचता येणारा. शालान्त परीक्षेत कन्नड नसेल तर भाषेची चाचणी द्यायची. उद्योगक्षेत्रातून ओरड होताच दोन-तीन दिवसांत ते थांबवून ठेवण्यात आले. हरियाणाने केलेला असाच कायदा तिथल्या उच्च न्यायालयाने २०२३ च्या नोव्हेंबरात रद्द ठरवला होता. पण क्षणभर धरून चाला की, असा कायदा झाला. तरी आपल्या हॉटेलच्या मोरीवर आणि टेबलावर स्थानिक मुलगा त्यामुळे येईल का? जिथे राखीव नसलेल्या जागाच भरत नाहीत, तिथे राखून ठेवून काय साधणार?

या गदारोळात एक जुने कलम सगळे विसरले. १९७९ मध्ये केंद्राने आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा केला. ठेकेदारामार्फत परराज्यातून आणलेल्या प्रत्येक कामगाराला फोटो लावलेली एक पासबुकवजा वही द्यावी, त्यात कामाचे ठिकाण, मुदत, पगाराचा दर, परतीचे भाडे, कपाती हे सारे हिंदी-इंग्रजीत लिहावे आणि कामगाराची भाषा वेगळी असेल तर त्याच्या भाषेतही लिहावे, असे त्या कायद्यात स्पष्ट म्हटले होते. कामगाराला त्याच्या भाषेत त्याचा करार कळला पाहिजे, हे तत्त्व इतक्या वर्षांपूर्वी कायद्याच्या पुस्तकात आले होते! ती वही आमच्या भागातल्या हॉटेलात कोणी पाहिली असेल तर आम्हाला जरूर दाखवावी. हा कायदा आता नव्या श्रमसंहितेत विलीन झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार श्रमसंहितांनी कामगाराला लेखी नेमणूकपत्र देण्यावर भर दिला आहे आणि कर्नाटकाच्या १९६१ च्या दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्यातही नेमणूकपत्राची तरतूद आहेच. तरीही हॉटेलातल्या बहुतेक नेमणुका आजही तोंडीच होतात. आणि ज्याची नेमणूकच तोंडी, तो उद्या कुठे असेल हे त्यालाच ठाऊक नसते. असा माणूस आपली भाषा का शिकेल?

भाकरीच्या चुलीपाशी

या अंधारात एक दिवा अजून लागलेला आहे, तो खानावळीच्या मागच्या बाजूला. ज्वारीची भाकरी ही काही व्हिडिओ बघून जमणारी गोष्ट नव्हे. ती बडवायला आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायकाच लागतात. कंग्राळी, येळ्ळूर, हिंडलगा, काकती इकडून त्या सकाळच्या बसने येतात. ११ जून २०२३ पासून कर्नाटकाच्या शासकीय बसगाड्यांत राज्यातल्या महिलांना प्रवास मोफत झाला. त्यामुळे पूर्वी ज्या बाईचा भाड्यापायी शहरात कामाला येण्याचा जीव होत नसे, तिला आता ते परवडते. पलीकडे चंदगड भागातल्या बायकांना महाराष्ट्राच्या एस.टी.त २०२३ च्या मार्चपासून अर्धे तिकीट आहे.

या चुलीपाशी एक मराठी बोलते, दुसरी कन्नड बोलते, आणि दोघींना दोन्ही कळते. 'भाकरी थापली' आणि 'रोट्टी बडदे' एकाच दमात ऐकू येते. तिथेच बसून कणीक मळणाऱ्या ओडिशाच्या पोराला महिन्याभरात 'पीठ आण', 'तवा तापला', 'मावशी, जेवलात का?' एवढे मराठी येऊ लागते. त्याला ते कोणी शिकवत नाही. मावशी त्याला माणूस म्हणून विचारते, म्हणून तो शिकतो. पाट्यांच्या मोर्चांनी जे साधले नाही ते चूल साधते आहे.

आपल्या हाती काय आहे?

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली मालकांसाठी. माणूस घेताना एक कागद द्या. पद, पगार, कामाचे तास, आठवड्याची सुट्टी आणि गावी जाण्याची रजा एवढे त्यात लिहा. जमल्यास त्याच्या भाषेतही. आज मोबाईलवर भाषांतर करून घेणे अवघड नाही. त्याच्याच एखाद्या गाववाल्याकडून ते तपासून घ्यावे. आधार कार्डाची प्रत ठेवा, मूळ कार्ड परत द्या. आणि कामाचे पहिले पंधरा दिवस रोज अर्धा तास भाषेसाठी राखून ठेवा. हॉटेलात लागणारी पन्नास वाक्ये, मराठीत आणि कन्नडमध्ये. तिखट, अळणी, उपास, बिनसाखर, कांदा-लसूण नाही, थोडे थांबा, अजून काय आणू, बरे वाटत नाही, हात भाजला. शेवटची दोन वाक्ये विसरू नका.

दुसरी स्थानिक मुलांसाठी जागा करण्याची. बारा तासांची एक पाळी मोडून सहा-सहा तासांच्या दोन करता येतात. संध्याकाळच्या पाळीला कॉलेजात शिकणारी मुले येऊ शकतात. मोबाईलवरून येणारी बक्षीस रक्कम महिनाअखेर सगळ्यांत वाटायची पद्धत ठेवली तर बशीतले गेलेले पैसे परत येतील. आणि मोरीवरून गल्ल्याकडे जाणारा रस्ता पुन्हा खुला आहे हे दिसले पाहिजे.

तिसरी आपल्या संस्थांसाठी. आपल्याकडे वाचनालये आहेत, मराठी मंडळे आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. दुपारी तीन ते पाच हॉटेले शांत असतात. आठवड्यातून दोन दिवस त्या वेळी परप्रांतीय कामगारांसाठी बोलीभाषेचा वर्ग घ्यायला किती खर्च येणार? एक फळा आणि दोन खडू. मुंबईच्या कन्नड रात्रशाळा कोण्या सरकारी फतव्याने निघाल्या नव्हत्या. आपल्या पोरांची कळकळ असलेल्या मंडळींनी त्या उभ्या केल्या. मराठीचे कार्यकर्ते एका टेबलावर आणि कन्नडचे शेजारच्या टेबलावर बसून हेच काम करू लागले, तर सीमाभागाने देशाला काहीतरी नवे दाखवले असे होईल.

आणि शेवटची, तुमच्या-आमच्यासाठी. उद्या हॉटेलात गेलात तर समोरच्या पोराला हिंदीत हाक मारण्याची घाई करू नका. सावकाश, सोप्या मराठीत सांगा. नाही कळले तर बोटाने दाखवा, पण शब्द मराठीच वापरा. त्याचे नाव विचारा. गाव विचारा. त्याच्या भाषेत 'पाणी'ला काय म्हणतात तेही विचारा. दुसऱ्या खेपेला तो तुमच्या शब्दाने तुम्हाला पाणी आणून देतो की नाही पाहा. पाटीवर काय लिहायचे ते सरकारे ठरवतील. ताटावर काय बोलायचे, ते आपण आणि तो मिळून ठरवायचे आहे.